रोजकीर्दीत मिथेन कुठे आहे?



इंदूरच्या स्वच्छतेचे कौतुक आम्ही या पानांवरून अनेकदा केले आहे, आणि त्याचा आम्हाला पश्चात्ताप नाही. देवगुराडियाच्या पायथ्याशी कचऱ्याचे डोंगर होते, उन्हाळ्यात ते आपोआप पेटत आणि वारा फिरला की धुराचा वास वस्त्यांपर्यंत येई, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. तो सुमारे तेरा लाख टन जुना कचरा शहराने उपसून जागा मोकळी केली. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिले येऊ लागले. घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय लागली, आणि ती लावून घेण्यात आमच्या रामबाग, लोकमान्य नगरच्या गृहिणींचा वाटा कुणापेक्षा कमी नाही. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याच देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या गोबरधन प्रकल्पाचे उद्घाटन झाले. रोज ५५० टन ओला कचरा, रोज १७,००० किलो बायो-सीएनजी, रोज १०० टन खत. ज्या गॅसने डोंगर पेटत होते, त्याच गॅसवर शहरातल्या बसगाड्या चालू लागल्या. याचा अभिमान वाटायलाच हवा.

मग आज तक्रार कशाची? तक्रार त्या आकड्यांची आहे, आणि त्याहून जास्त आमची स्वतःची आहे.

मंडळाच्या वाचनालयात कुणालाही विचारा, देवगुराडियाला गॅस किती होतो? उत्तर येते, रोज सतरा हजार किलो. दिवाळीत विचारा, सतरा हजार. श्रावणात विचारा, सतरा हजार. कचरा कमी आला, पावसाने भिजून आला, यंत्र दुरुस्तीला काढले, तरी सतरा हजार. अहो, ही प्रकल्पाची क्षमता आहे, उत्पादन नव्हे! रांजण केवढा आहे हे सांगून त्यात पाणी किती आहे ते कळत नाही. भाषणात, फलकावर, शाळेच्या निबंधात आणि (कबूल करतो) आमच्याही अंकात आम्ही रांजणाचे माप सांगत आलो आणि पाणी मोजायला विसरलो.

हे आम्हाला विशेष लागते, कारण आम्ही कोण आहोत? माळव्यात आलेल्या मराठी घराण्यांपैकी तलवार घेऊन आलेली थोडी, लेखणी घेऊन आलेली पुष्कळ. फडणीस, चिटणीस, पोतनीस, कारखानीस ही आमची आडनावेच सांगतात की आमचे पूर्वज काय करीत होते. अहिल्याबाईंच्या कारभारात खासगी आणि दौलत यांचे हिशेब वेगळे ठेवले जात, एका पैची सरमिसळ चालत नसे. रोजकीर्द लिहिल्याशिवाय दिवस मावळत नसे. त्या कारकुनीची चेष्टा पुष्कळ झाली, पण राज्य टिकले ते तिच्यावर. आज त्याच घराण्यांतले आम्ही "अंदाजे", "सुमारे", "क्षमता आहे" एवढ्यावर समाधानी होतो. रोजकीर्दीत मिथेन कुठे आहे, हा आमचा प्रश्न आहे.

मिथेन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. हवा न लागता काही कुजले की सूक्ष्म जीवाणू त्याचे तुकडे करतात, आधी आम्ले होतात आणि शेवटी एका खास जातीचे जीवाणू त्यांचा मिथेन करतात. भाताच्या खाचरात, गाईच्या पोटात, मैलाच्या टाकीत, कचऱ्याच्या ढिगात हेच चालते. गोबर गॅस म्हणून जो निघतो त्यात साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि थोडा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड. जळतो तो मिथेन. कचरा आणि शेण रोज नव्याने निर्माण होतात, म्हणून हा गॅस जमिनीतून काढलेल्या गॅससारखा संपणारा नाही. आपला देश लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळजवळ निम्मा बाहेरून आणतो. त्याच देशात २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे तीस कोटींवर गाई-म्हशी आहेत. हे सोने अंगणात पडले आहे, हे कुणी नाकारू नये.

आणि हे सोने ओळखण्यात मराठी माणूस मागे नव्हता. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैलाच्या टाकीतला गॅस धरून त्यावर इंजिन चालवल्याची नोंद आहे. कोकणात अप्पा पटवर्धनांनी मैल्याचे सोनखत करण्यात आयुष्य घातले. त्यांचाच वारसा घेऊन देहूच्या डॉ. मापुस्करांनी शौचालयाला जोडलेली गॅस संयंत्रे बांधली, आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' संयंत्र उभे केले. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेला स्वयंपाकघरातल्या उष्ट्या-खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या संयंत्रासाठी २००६ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. डॉ. कर्व्यांचा मुद्दा ध्यानात घेण्यासारखा आहे. शेण म्हणजे गाईने एकदा पचवून टाकलेला चारा, त्यात जीवाणूंना उरते थोडे. म्हणून दोन किलो पिष्टमय खरकटे जेवढा गॅस देते, तेवढ्यासाठी चाळीस किलो शेण लागते, असे त्यांनी मांडले. आता सांगा, हे कळले कसे? तोलून, मापून, वहीत लिहून. नुसते "गोमातेचा प्रसाद" म्हणून हात जोडले असते तर हे कधीच कळले नसते.

आता मोजायचे म्हणजे काय मोजायचे? यातही फसगत असते, म्हणून नीट सांगतो.

पहिली गोष्ट, नुसते घनमीटर सांगून भागत नाही. शंभर घनमीटर गॅसमध्ये मिथेन ५० टक्के असला तर उष्णता एक, ६५ टक्के असला तर दुसरी. टाकीत कचरा जास्त झाला आणि आम्ले साचली की मिथेन करणारे जीवाणू मंदावतात. फुगा फुगलेला दिसतो, पण आत कार्बन डायऑक्साइडच वाढलेला असतो. मिथेनचा टक्का रोज पाहणे म्हणजे रोग्याची नाडी पाहणे आहे. टक्का घसरू लागला की दोन दिवस आधी कळते, नाहीतर टाकी आंबून बसते आणि पुन्हा चालू व्हायला आठवडे जातात.

दुसरी गोष्ट, माळव्यातले ऊन. गॅस तापला की फुगतो. २० अंशांवरचा एक घनमीटर गॅस ४५ अंशांवर साधारण साडेआठ टक्क्यांनी वाढलेला दिसतो. जानेवारीचा घनमीटर आणि मे महिन्याचा घनमीटर सारखे नव्हेत. तापमान आणि दाब यांचा हिशेब न करता "उन्हाळ्यात उत्पादन वाढले" असे सांगणारा एकतर भाबडा असतो, नाहीतर चतुर.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गळती. जो मिथेन जळाला तो कामी आला. जो न जळता हवेत गेला तो शत्रू झाला. वजनास वजन धरले तर शंभर वर्षांच्या हिशेबाने हा मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट पृथ्वी तापवतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट. तो हवेत टिकतो जेमतेम बारा वर्षे, पण तेवढ्यात काम करून जातो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत जेवढा मिथेन होता त्याच्या अडीच पटींहून अधिक आज आहे.

आता एक साधे गणित मांडू. देवगुराडियाचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला असे धरा. सतरा हजार किलो बायो-सीएनजीत शुद्ध मिथेन सुमारे पंधरा टन. तेवढा जमिनीतला गॅस जाळायचा वाचला, म्हणजे रोज सुमारे ४१ टन कार्बन डायऑक्साइड वाचला. छान! पण समजा, टाक्यांच्या जोडांतून, गॅस शुद्ध करणाऱ्या यंत्रातून आणि उघड्यावर साठवलेल्या स्लरीतून पाच टक्के मिथेन निसटला. म्हणजे रोज पाऊण टन. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचे नुकसान वीस टन कार्बन डायऑक्साइडएवढे, म्हणजे कमाईतला अर्धा भाग गेला. वीस वर्षांच्या हिशेबाने साठ टन, म्हणजे कमाई सगळी गेली आणि वर कर्ज झाले. गळती पाच टक्के आहे असे आम्ही म्हणत नाही. ती एक टक्काही असेल, आणि तशी असली तर आम्ही पेढे वाटू. पण एक आणि पाच यांच्यामधला फरक हा वरदान आणि शाप यांच्यामधला फरक आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मिथेनला रंग नाही, वास नाही. तो दिसतो फक्त यंत्राला.

कुणी म्हणेल, हाच कचरा ढिगात पडला असता तर सगळाच मिथेन हवेत गेला असता, तेव्हा प्रकल्प केव्हाही बरा. अगदी मान्य. म्हणूनच आम्ही प्रकल्पाच्या विरुद्ध नाही, त्याच्या बाजूचे आहोत. पण "उकिरड्यापेक्षा बरा" ही देशातल्या पहिल्या नंबरच्या शहराला शोभणारी कसोटी नव्हे. आणि ज्या शहराने कार्बन क्रेडिट विकून पैसा मिळवला, त्याने तर हिशेब दाखवलाच पाहिजे. वजनकाटा न दाखवता माल विकणाऱ्याला सियागंजात कुणी दुकान लावू देईल काय?

गळतीची भीती हा आमच्या मनाचा खेळ नाही. २०२२ साली लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या संशोधकांनी बायोगॅस प्रकल्पांच्या मोजण्या एकत्र करून पाहिल्या. गळती आधी धरली होती त्याहून बरीच जास्त निघाली, आणि तिचा मोठा वाटा पचून बाहेर पडलेल्या स्लरीच्या साठवणीतला निघाला. त्याच वर्षी डच संशोधकांनी उपग्रहांवरून ब्यूनस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या चार शहरांकडे पाहिले. या शहरांतून निघणारा मिथेन नेहमीच्या नोंदींतल्या आकड्यांच्या १.४ ते २.६ पट होता. मुंबईत बोट दाखवले गेले ते कांजूरमार्गच्या कचराभूमीकडे. आता विचार करा, आपल्या उकिरड्याची बातमी आपल्याला आकाशातून, परक्यांच्या दुर्बिणीतून कळावी, ही अभिमानाची गोष्ट आहे काय? बरे, त्या दुर्बिणीही कायमच्या नसतात. मार्च २०२४ मध्ये खास मिथेन पाहण्यासाठी सोडलेल्या 'मिथेनसॅट' उपग्रहाशी जून २०२५ मध्ये संपर्क तुटला. आपल्या घरचे माप आपल्या घरीच हवे.

यावर तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. तिन्हींचे उत्तर देऊन टाकू.

पहिला आक्षेप, "मोजमाप महाग पडते." हा प्रकल्प सुमारे दीडशे कोटींचा. त्याच्यापुढे गॅसचे मीटर, मिथेनचा टक्का दाखवणारे यंत्र आणि वर्षातून दोनदा गळती दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी यांचा खर्च लग्नाच्या खर्चात हळदीकुंकवाएवढा आहे. शिवाय निसटलेला मिथेन म्हणजे न विकलेला माल. गळती सापडली की बुजवता येते आणि तोच गॅस विकता येतो. जिवाचाही प्रश्न आहे. हवेत मिथेन पाच ते पंधरा टक्के झाला की ठिणगी पुरते. मोजणारे यंत्र तिथल्या कामगाराचे कवच आहे.

दुसरा आक्षेप, "मिथेनची ओरड हा पाश्चात्त्यांचा डाव आहे, त्यांना आमच्या गाई आणि आमचे भात बंद करायचे आहेत." या आक्षेपात तथ्य अजिबात नाही असे आम्ही म्हणणार नाही. २०२१ साली ग्लासगोला शंभरावर देशांनी मिथेन तीस टक्के कमी करण्याची शपथ घेतली, भारताने घेतली नाही. आपल्या सरकारच्या २०१६ सालच्या हिशेबात देशाच्या मिथेनपैकी सुमारे ७४ टक्के शेती आणि गुरांचा आहे. अल्पभूधारकाच्या दोन म्हशींना अमेरिकेच्या तेलविहिरींच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे आहे, आणि तिथे आम्ही सरकारच्या बाजूला आहोत. पण त्याच हिशेबात सुमारे १४ टक्के मिथेन कचरा आणि सांडपाण्याचा आहे. देवगुराडियाच्या पाइपातली गळती ही काही गरीब शेतकऱ्याची गाय नव्हे. गाईच्या आड पाइप लपवू नका.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण मनात असतो. "मोजले आणि आकडा कमी निघाला तर बदनामी होईल." खरे दुखणे इथे आहे. देशाच्या पातळीवर याची फळे आपण पाहिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'सतत' योजना आली, २०२३-२४ पर्यंत पाच हजार बायोगॅस प्रकल्प उभे राहणार होते. मुदत सरली तेव्हा शंभरही चालू नव्हते. त्याआधी घरगुती गोबर गॅस संयंत्रांचे असेच झाले. देशभरात सुमारे पन्नास लाख संयंत्रे उभारल्याचा आकडा सरकारी कागदात आहे. उभारलेली मोजली, त्यांतून रोज चूल पेटते की नाही हे रोजच्या रोज कुणी लिहिले? तुमच्या गावाकडच्या वाड्यामागे गंजलेली लोखंडी टोपी आणि तिच्यावर चढलेला कारल्याचा वेल तुम्हीही पाहिला असेल. सरकारी यादीत ती अजून एक संयंत्र असते. दोन घनमीटरचे संयंत्र नीट चालले तर रोजच्या पन्नास किलो शेणावर महिन्याला जवळजवळ दोन सिलिंडर वाचवते. ते बंद पडले हे घरच्या सुनेला पहिल्या दिवशी कळले, सरकारला कधीच कळले नाही. कारण सरकार टोप्या मोजत होते, ज्योत नव्हे.

आता २०२५-२६ पासून शहरांत विकल्या जाणाऱ्या गॅसमध्ये बायोगॅस मिसळण्याची सक्ती आली आहे, ती एक टक्क्यापासून सुरू होऊन २०२८-२९ ला पाच टक्क्यांवर जायची आहे. सक्ती आली की आकडे फुगतात, हा सरकारी दफ्तराचा जुना अनुभव आहे. म्हणून माप बसवायची वेळ आत्ता आहे, घोटाळा झाल्यावर नव्हे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. एक, प्रकल्पात रोज आलेला ओला कचरा, निघालेला गॅस (ठरावीक तापमान-दाबावर आणून), मिथेनचा टक्का, विकलेले किलो आणि चिमणीवर जाळून टाकलेला गॅस, हे पाच आकडे रोज झोन कार्यालयाच्या फलकावर लागावेत. दोन, वर्षातून दोनदा गळतीची तपासणी व्हावी आणि ती चालवणाऱ्या कंपनीने नव्हे, शहरातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने करावी. तीन, स्लरीच्या साठवणीवर झाकण आणि मीटर असावे. चार, क्षमतेचा आकडा उत्पादन म्हणून छापणे बंद व्हावे. सुरुवात आम्ही करतो. या अंकापासून आमच्या पानांवर मोजलेला आकडा असेल, नाहीतर आकडाच नसेल.

बृहन्महाराष्ट्रातल्या इतर भावंडांनीही आपापल्या गावी हेच विचारावे. ग्वाल्हेरकरांनी लाल टिपारा गोशाळेच्या प्रकल्पाबद्दल विचारावे, २ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि रोज शंभर टन शेणाची त्याची क्षमता आहे. हैदराबादच्या मंडळींनी बोवेनपल्लीच्या भाजीमंडईतल्या संयंत्राबद्दल विचारावे, गोव्यातल्यांनी साळगावबद्दल. प्रश्न सगळीकडे एकच, काल किती झाला आणि किती निसटला?

आणि दुसऱ्याला विचारण्याआधी आपल्या अंगणात पाहू. गणेशोत्सवात मंडळाचा महाप्रसाद होतो, शेकडो पाने उठतात. यंदा खरकटे टाकण्याआधी काट्यावर तोलायचे आणि वहीत लिहायचे असे कार्यकारिणीत ठरावे, ही आमची सूचना आहे. ज्या सभासदांच्या सोसायटीत छोटे गॅस संयंत्र आहे त्यांनी रोज किती किलो घातले आणि शेगडी किती मिनिटे चालली, एवढे तरी लिहून ठेवावे. ही कारकुनी आहे, होय. आम्हाला तिची लाज नाही.

नगरपालिकेची पुढची निवडणूक येईल तेव्हा उमेदवार हात जोडून रामबागेत येतील, नेहमीप्रमाणे होळकरांचे नाव घेतील, अहिल्याबाईंच्या पुतळ्याला हार घालतील. त्यांना चहा द्या, पोहे द्या. आणि मग शांतपणे विचारा, "साहेब, काल मिथेन किती झाला?" जो "सतरा हजार" म्हणेल त्याला पुन्हा विचारा, "मोजलेला की छापलेला?"

सभासदांनी या विषयावरची आपली मते मंडळाच्या कार्यालयात लेखी द्यावीत. तोंडी आकडे स्वीकारले जाणार नाहीत.